तसबिरीभोवतीचा रंग

नगरपालिकेत तिला सगळे चुनाताई म्हणत. हे नाव कुणी पाडलं ते आता कुणाला आठवत नव्हतं, पण त्यामागचा विनोद मात्र नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात ऐकवला जाई. "या गावाला आजवर पुष्कळांनी चुना लावला. पण दोन हात, नीट आणि राजरोस लावणारी ही एकटीच."

विनोद जुना झाला होता, तरी ती दर वेळी हसत असे. बांधकाम खात्यातली ती एकुलती एक रंगारी बाई. अंगात नवऱ्याचा जुना सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केसांना फडकं बांधलेलं. नखांच्या कडांना कुठला ना कुठला रंग कायम असायचा, आणि हात पुढे केला की मुलं त्यावरून ओळखायची, सध्या दवाखान्याचं काम चालू आहे की शाळेचं. तीन महिन्यांनी ती निवृत्त होणार होती. तेहेतीस वर्षांत तिने गावातली प्रत्येक सरकारी भिंत निदान पाच-सहा वेळा रंगवली होती, आणि त्यातली एकसुद्धा तिला आपली वाटत नव्हती. अपवाद एका भिंतीचा.

ती भिंत नोंदणीच्या खोलीतली. नगरपालिकेच्या तळमजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला ही खोली होती. जन्म, मृत्यू, लग्न, तिन्हींची नोंद तिथेच व्हायची. दारातून आत आलं की समोर लाकडी काउंटर, त्यामागे एक चष्मेवाले कारकून आणि त्यांच्या मागे ती भिंत. पंधरा फूट रुंद, अकरा फूट उंच, फिकट सायीच्या रंगाची. तिच्यावर काहीही नव्हतं. कॅलेंडर नाही, घड्याळ नाही, कुणाची तसबीर नाही. घड्याळ बाजूच्या भिंतीवर होतं आणि ते दहा मिनिटं पुढे असायचं.

एवढ्या मोठ्या रिकाम्या भिंतीचा चुनाताईला किती अभिमान होता, हे घरी नवऱ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. तो म्हणायचा, "लोक आपण काढलेली चित्रं दाखवतात. माझी बायको न काढलेलं दाखवते."

*

ती मूळची रंगारी नव्हे. रंगारी तिचा सासरा होता, त्याआधी त्याचा बाप, आणि मग नवरा. लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा नवरा शाळेच्या इमारतीचं काम करताना परांचीवरून पडला आणि कमरेखाली अधू झाला. खात्याने त्याच्या जागी घरातल्या एकाला घ्यायचं कबूल केलं. धाकटा दीर शिकत होता. त्याने सरळ सांगितलं, "मी ब्रश धरणार नाही." सासरे सुनेकडे बघत राहिले. ती म्हणाली, "मामंजी, मला उंचावर चक्कर येत नाही." एवढ्यावर तिची नेमणूक झाली.

सासऱ्यांनी तिला सगळं शिकवलं. भिंत आधी घासायची, मग भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी भरायची, ती वाळली की पॉलिश पेपर मारायचा, मग अस्तर, मग रंगाचे दोन हात. "लोक वरचा हात बघतात," ते म्हणत, "भिंत आतला बघते." ते खाली बसून रंग कालवत आणि ती शिडीवर. गावाने सुरुवातीला तोंडात बोटं घातली, मग बोटं काढून आपापल्या कामाला लागलं.

त्या काळी नोंदणीच्या भिंतीवर मधोमध एक तसबीर होती. चांगली हातभर रुंद, दीड हात उंच, सोनेरी चौकटीची. ती घड्याळाच्या प्रार्थनाघराच्या लोकांची होती. गावात प्रार्थनाघरं तीन. एक घड्याळाचं, म्हणजे ज्याच्या मनोऱ्यावर घड्याळ आहे ते. दुसरं विहिरीजवळचं. तिसरं टेकडीवरचं, त्याची माणसं कमी होत होत आता चार घरांवर आली होती. तेव्हा नगरपालिकेत घड्याळवाल्यांचं बहुमत होतं, म्हणून त्यांची तसबीर लागली. चुनाताईच्या घरचे घड्याळवालेच. लहानपणापासून जिच्यापुढे डोळे मिटले ती तसबीर आपल्या कामाच्या ठिकाणी पाहून तिला पहिल्या दिवशी अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं होतं.

आणि इथेच तिच्याकडून चूक झाली. भिंत रंगवायची म्हणजे आधी तसबीर उतरवायला हवी. पण रंगाने बरबटलेल्या हातांनी तिला स्पर्श कसा करायचा? दुसऱ्या कुणाला उतरवायला सांगावं, तर ती ठेवायची कुठे, जमिनीवर? तिचं मन धजेना. तिने तसबिरीच्या कडेने बारीक ब्रश फिरवला, एक थेंब उडू दिला नाही, आणि भिंत तसबिरीभोवती रंगवून टाकली. सासरे खाली बसून बघत होते.  दोन वर्षांनी पुन्हा तसंच. पुढच्या दोन वर्षांनी पुन्हा.

त्या तिसऱ्या खेपेला ती शिडीवर असताना एक माणूस दाराशी येऊन उभा राहिला. विहिरीजवळचा असावा, पेहरावावरून कळत होतं. हातात डॉक्टरची चिठ्ठी. त्याची नजर काउंटरवर गेली नाही, भिंतीवर गेली. तो एक पाऊल मागे सरला आणि अगदी सभ्यपणे, परक्याच्या घरी चपला कुठे काढू असं विचारावं तसं विचारता झाला, "वडील गेले. नोंद करायची होती. आत येऊ, की इथूनच सांगू?"

तेव्हाचे कारकून मनाने चांगले होते. लगबगीने उठले. "या, या, आत या! आमच्यात तसं काही नसतं."

माणूस आत आला, सही केली, निघून गेला. कुणी त्याला वावगं बोललं नाही. काही घडलंच नाही म्हणा ना. पण चुनाताईचा ब्रश हातातच राहिला. 'आमच्यात' म्हणजे कुणात? ही खोली तर नगरपालिकेची. त्या माणसाच्या बापाचा मृत्यू इथे लिहिला जाणार, उद्या त्याच्या पोरांचे जन्म इथेच लिहिले जाणार, आणि तो दाराशी उभा राहून विचारतो, आत येऊ का. आपल्याला माहेर वाटलं ती जागा त्याला परक्याचं घर वाटली. तसबीर तर एकच होती.

तिने खाली सासऱ्यांकडे बघितलं. ते डब्यातला रंग ढवळत होते, वर न बघता म्हणाले, "ऐकलंस ना? मीही एकदा ऐकलं होतं."

*

वर्षभरात निवडणूक झाली. घड्याळवाले पडले आणि सगळ्यांचं मिळून कडबोळं निवडून आलं. पहिल्याच सभेत तसबीर उतरवायची ठरली. तिच्या जागी कुणाची लावायची यावर मात्र चार सभा भांडणात गेल्या. एकमत होईना, तेव्हा भिंत तशीच राहिली. भांडणाचा असा उपयोग गावाला पहिल्यांदाच झाला.

तसबीर उतरली आणि खाली काळपट चौकोन दिसायला लागला. चुनाताईला तो झाकायला पाठवलं. तिने एक हात दिला, दुसरा दिला. डाग गेला, पण सकाळी येऊन बघते तो चौकोन भिंतीवर हजर. पूर्वेच्या खिडकीतून ऊन तिरपं येत होतं, आणि त्या उजेडात चौकोनाच्या चारही कडा उठून दिसत होत्या. तसबिरीभोवती तीनदा रंगवलेल्या ऑइलपेंटचा थर चढला होता. आतला भाग खोल राहिला होता.

ती ओशाळली. सासऱ्यांना म्हणाली, "मामंजी, माझ्यामुळे झालं."

"जरा इकडे ये. माझ्या बाजूला उभी राहा. आता भिंतीकडे सरळ बघू नकोस, तिच्या अंगावरून बघ."

तिने गाल भिंतीजवळ नेला आणि उजेडाच्या दिशेने पाहिलं. तिच्या चौकोनाच्या वर, जरा डावीकडे, आणखी एक चौकोन होता, उभट. आणि त्या दोघांना छेदून जाणारा तिसरा, आडवा, खूप मोठा, इतका जुना की त्याच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या.

"उभा आहे तो माझा," सासरे म्हणाले. "तेव्हा टेकडीवरच्यांचं राज्य होतं. आडवा माझ्या बापाचा, त्या वेळी विहिरीजवळचे होते. त्यांची तसबीर आपली नव्हती, पण तिला हात लावायची त्याचीही छाती झाली नाही."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"कुठल्या तोंडाने सांगू? स्वतः तेच केलेला माणूस मी." त्यांनी रंगाचा डबा जवळ ओढला. मग म्हणाले, "तसबिरीभोवती रंगवलेली भिंत म्हणजे अर्धी दाढी केलेला नवरदेव. इथून पुढे पुरी रंगव."

"या कडा घासून काढू?"

"खरवडायला गेलीस तर गिलावा हातात येईल. राहू दे. कधीतरी लागतील."

त्या दिवसापासून तिने एक नियम धरला. दर दोन वर्षांनी ती सगळ्यात आधी ही भिंत रंगवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि रंगवण्याआधी खिळे उपटी. कारण रिकामी भिंत कुणालाच बघवत नाही. नवा अधिकारी आला की महिन्याभरात खिळा ठोकला जाई, आणि खिळ्यावर कधी घड्याळाकडची छोटी तसबीर, कधी विहिरीकडचं एखादं वचन. एका अधिकाऱ्याने तर कुठलाच देव न मानणाऱ्या आपल्या गुरूचा फोटो लावला होता. तोही उतरला. चुनाताई हात साबणाने धुवून, पुसून, तसबीर स्वच्छ फडक्यात गुंडाळी आणि ज्याची त्याला नेऊन देई. "साहेब, तुमचा देव घरी न्या. इथे त्याच्यावर चुना उडेल."

साहेब पुडकं काखोटीला मारून घरी नेत. उपटलेले खिळे ती एका पत्र्याच्या डबीत टाकी. डबी आता जड झाली होती.

*

या वर्षी नोंदणीच्या खोलीचं छत गळायला लागलं, म्हणून सगळी खोलीच दुरुस्तीला काढली. नवी फरशी, नव्या खिडक्या, काउंटरला नवीन पॉलिश. सोमवारी खोली पुन्हा उघडायची होती. भिंत घासून, भेगांपुरती लांबी भरून तयार होती, फक्त रंगाचे हात द्यायचे राहिले होते. बुधवारी दुपारी ती डबा खायला बसली तोच तिचा दीर आला.

दीर आता नगरपालिकेचा सदस्य होता आणि घड्याळाच्या प्रार्थनाघराचा व्यवस्थापकही. कडक इस्त्रीचे कपडे. रंगाच्या डब्यांपासून तो दोन हात लांबच उभा राहिला.

"वहिनी, तुमच्यासाठी मोठं काम आणलंय."

"भाऊजी, तुम्ही काम आणलंत म्हणजे बसून ऐकायला हवं."

"या भिंतीवर वचन लिहायचंय. सोनेरी अक्षरात, फूट-फूट उंच. अध्यक्षबाईंची इच्छा आहे. आणि तुमच्यासारखं अक्षर गावात कुणाचं नाही."

कुठलं वचन, हे विचारायची गरज नव्हती. 'ज्याने दिवा दिला, तो अंधारात सोडणार नाही.' घड्याळाच्या प्रार्थनाघरात ते समोरच लिहिलेलं आहे. तिथली ती अक्षरं चुनाताईचीच. दर वर्षी आपल्या हौसेने ती त्यांना नवा रंग देते. तिची आई तापात तिच्या कपाळावर हात ठेवून हेच वचन म्हणायची. नवरा पडला त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर तिने ते किती वेळा म्हटलं असेल, याचा हिशेब नाही.

"इथे नको, भाऊजी," ती म्हणाली.

"नको म्हणजे?"

"तिथे लिहिते ना मी. इथे नाही लिहिणार."

दीर हसला. मग त्याच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये. "वहिनी, हे काही मी घरी विचारत नाहीये. खात्याचं काम आहे."

"मग लेखी द्या."

"लेखी येईल. आणि ते आल्यावरही तुम्ही नाही म्हणालात, तर उरलेले तीन महिने रस्त्यावरचे पट्टे रंगवत बसाल. उन्हात."

"पट्टे बरे," ती डब्याचं झाकण लावत म्हणाली. "ते निदान सगळ्यांना सारखेच लागू असतात."

तो गेला. जाताना दाराशी थांबून एवढंच म्हणाला, "बाहेरून रंगारी आणायला एक फोन पुरतो." ते मात्र तिला लागलं. पट्ट्यांची भीती नव्हती. पण आपण नाही म्हटल्याने ही भिंत वाचत नव्हती. शनिवारी कुणीतरी परका येणार, अक्षरं काढणार आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाणार. इतकी वर्षं ही भिंत ज्याच्यासाठी जपली, ते एका दिवसात संपणार.

संध्याकाळी नगरपालिकेच्या अध्यक्षबाई स्वतः आल्या. त्या पूर्वी शाळेत शिकवायच्या. प्रार्थनाघरात चुनाताईच्या शेजारी बसून गायच्याही. तावातावाने नव्हे, समजुतीने बोलल्या. "ताई, मला एक सांगा. इथे माणूस कधी येतो? घरात कुणी गेलं, तर येतो. अशा वेळी समोर एक चांगला शब्द दिसला, त्याला जरा धीर आला, तर बिघडलं कुठे?"

 शब्द चांगला होता. चुनाताईला स्वतःला त्याने धीर दिला होता. ती "बघते, बाई," एवढंच बोलू शकली.

*

"मग?" रात्रीचं जेवण होताना नवऱ्याने विचारलं. तो खिडकीशी आपल्या खुर्चीत होता. हात अजून भक्कम होते. गावातले लोक रंगाची छटा जुळवून घ्यायला अजूनही त्याच्याकडेच येत.

"बाई वाईट नाहीत हो. त्यांचं म्हणणंही खोटं नाही."

"खोटं असतं तर सोपं होतं."

"मला बोलता येत नाही त्यांच्यासारखं."

"अगं, तू बोलायला कशाला जातेस? रंगाऱ्याच्या घरात आजवर कोण बोललंय? आमच्या आजोबांनी, बाबांनी, तू, तिघांनी त्या भिंतीवर न बोलता काय ते लिहून ठेवलंय. दाखव की."

तिने मान वर केली.

"आणि माझ्या भावालाही बोलाव," तो म्हणाला. "त्याने आयुष्यात कधी शिडी धरली नाही. बापाची चूक तरी बघू दे."

*

शुक्रवारी सकाळी साडेसातला तिने दोघांना बोलावलं. निरोप असा दिला की अक्षरांची जागा ठरवायची आहे, आणि ती उजेडातच ठरते. यात खोटं काही नव्हतं.

अध्यक्षबाई वेळेवर आल्या. दीर पाठोपाठ आला. चष्मेवाले कारकून नव्या काउंटरवरची धूळ पुसायच्या निमित्ताने आधीच हजर होते. त्यांना अशा गोष्टींचा वास फार लवकर येई.

"आता ट्यूब बंद करते," चुनाताई म्हणाली.

ट्यूब विझल्या. पूर्वेच्या नव्या खिडकीतून ऊन आडवं आलं आणि भिंतीला घासून गेलं. क्षणभर काही दिसलं नाही. मग हळूहळू, पाण्यातून वर यावेत तसे, एकात एक गुंतलेले तीन चौकोन भिंतीवर आले.

 अध्यक्षबाई दोन पावलं पुढे आल्या. "हे काय आहे?"

"तसबिरी," चुनाताई म्हणाली. "हा आडवा विहिरीजवळच्यांचा. त्यांचं राज्य होतं तेव्हा लावलेला. माझ्या आजेसासऱ्यांनी त्याच्याभोवती रंगवलं. हा उभा टेकडीवरच्यांचा. त्याच्याभोवती मामंजींनी."

"टेकडीवरच्यांचं राज्य?" कारकून पुटपुटले. "त्यांची तर चारच घरं राहिली."

"राज्य होतं तेव्हा चाळीस असतील. आणि हा मधला आपला, बाई. घड्याळाचा. याच्याभोवती मी रंगवलं. हात लावायची हिंमत नव्हती म्हणून. तीनदा."

दीर भिंतीपाशी गेला. इस्त्रीच्या बाहीला धूळ लागेल याचा त्याला विसर पडला. उभ्या चौकोनाच्या कडेवरून त्याने बोट वरून खालपर्यंत फिरवलं. "ही बाबांची?"

"हो."

"मला कधी सांगितलं नाही त्यांनी."

"तुम्ही कधी शिडी धरली नाहीत, भाऊजी."

तो पुन्हा त्या कडेकडे वळला.

"पण ताई," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरोखर विचारात पडलेल्या माणसाचा होता, "तसबीर उतरवता येते. वचन वेगळं. ते सगळ्यांच्या कामाचं आहे. ते राहील."

"या तिघांनाही तेच वाटलं होतं, बाई."

"तुम्हाला ते वचन नको वाटतं का?"

"नको?" चुनाताईचा आवाज एकदम चढला, आणि चढल्याचं तिलाच आश्चर्य वाटलं. "माझ्या आईने दिलंय ते मला. म्हणून तर! उद्या निवडणूक होईल, दुसरे येतील आणि ते खरवडायला माझ्यासारखीच कुणीतरी शिडीवर चढेल. प्रार्थनाघरात त्याला कुणी हात लावणार नाही. इथे लावतील. मला ते बघवणार नाही." मग ती खाली आली, म्हणजे आवाजाने. दाराकडे बोट करून तिने त्या माणसाची गोष्ट सांगितली. चिठ्ठी घेऊन आलेला, एक पाऊल मागे सरलेला. आत येऊ, की इथूनच सांगू. "त्याला धीर द्यायला आपली तसबीर होतीच की समोर. तरी त्याने विचारलं. बाई, त्याला कुणी हाकललं नव्हतं. पण बाप गेलेल्या माणसाला सरकारी खोलीत यायला परवानगी मागावीशी वाटली. ते मी या शिडीवरून पाहिलंय. तुम्ही लेखी हुकूम द्या, पट्टे रंगवायला पाठवा, मी जाईन. पण माझ्या हाताने हे होणार नाही."

बोलून झाल्यावर ती शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. 

 अध्यक्षबाई वळल्या आणि खोलीबाहेर गेल्या. झालं, असं चुनाताईच्या मनात आलं. पण बाई जिन्यापाशी थांबल्या, फिरल्या आणि परत दारात येऊन उभ्या राहिल्या. आत नाही आल्या. दारातूनच त्यांनी भिंतीकडे पाहिलं, बराच वेळ, जणू हातात चिठ्ठी आहे. ऊन सरकत होतं. कडा पुसट होत चालल्या होत्या.

मग त्या आत आल्या. "ताई, सोमवारपर्यंत भिंत होईल?"

"होईल."

"पुरी?"

"या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"या कडा घासून टाकणार?"

चुनाताईने भिंतीकडे पाहिलं. सासऱ्यांचा आवाज तिला लख्ख आठवला. "नाही, बाई. राहू देते. पुढच्याला लागतील."

कारकुनांनी फडकं झटकलं. "म्हणजे मी साडेसातला आलो ते वाया नाही गेलं," ते म्हणाले, आणि ट्यूब लावल्या. भिंत पुन्हा सपाट झाली.

*

शनिवारी सकाळी ती पहिला हात द्यायला शिडीवर चढली, तर खाली कुणीतरी शिडी धरलेली. तिने वाकून पाहिलं. दीर. जुना सदरा घालून आला होता, तोही कुणाचा तरी मागून आणलेला, खांद्यात घट्ट.

"भाऊजी, शिडी दोन हातांनी धरायची असते. एका हाताने धरतात ती छत्री."

"वहिनी, तुम्ही वर बघा. खाली मी आहे."

"अध्यक्षबाई रागावल्यात का?"

"नाही. प्रार्थनाघरातलं वचन या वर्षी दोनदा रंगवा म्हणाल्या."

ती हसली, आणि तो हसताना शिडी हलली, म्हणून तिने त्याला पुन्हा दटावलं. दुपारपर्यंत पहिला हात झाला. रविवारी दुसरा. तिने डावीकडून सुरुवात केली आणि मध्ये कुठेही न थांबता उजव्या टोकाला नेऊन सोडला. रात्री घरी आल्यावर नवऱ्याने तिचा हात उजेडात धरला, नखांच्या कडेचा सायीचा रंग पाहिला आणि एवढंच म्हणाला, "जमलीय छटा." त्याच्याकडून याहून मोठं कौतुक तिने कधी ऐकलं नव्हतं.

सोमवारी खोली उघडली. भाषण छोटं झालं. अध्यक्षबाई फरशीबद्दल बोलल्या, खिडक्यांबद्दल बोलल्या, छताबद्दल बोलल्या. भिंतीबद्दल बोलल्या नाहीत. टाळ्या वाजल्या, माणसं पांगली. चुनाताई कोपऱ्यात आपले डबे आवरत राहिली. सदऱ्याच्या खिशात खिळ्यांची डबी होती. ती आता पुढच्या रंगाऱ्याला द्यायची, असं तिने ठरवलं होतं.

पहिलं जोडपं आलं ते पावणेअकराला. विहिरीजवळचं की टेकडीवरचं की घड्याळाचं, हे तिने बघितलं नाही, किंवा बघितलं आणि सोडून दिलं. बाईच्या खांद्यावर आठ-दहा दिवसांचं मूल झोपलेलं. माणसाच्या हातात दवाखान्याचा कागद. चुनाताईचे हात आवरता आवरता थांबले. ती त्यांची नजर बघत होती.

ते दारात थांबले नाहीत. भिंतीकडे त्यांनी पाहिलंच नाही. पाहण्यासारखं तिथे होतं तरी काय! माणूस सरळ काउंटरपाशी गेला, कागद ठेवला, खिसे चाचपले आणि चष्मेवाल्या कारकुनांना म्हणाला, "पेन आहे का हो एखादं?"

चुनाताईने डब्याचं झाकण घट्ट बसवलं, शिडी खांद्यावर घेतली आणि ताठ मानेने खोलीबाहेर पडली.